मॅन्झनार हायस्कूलचा क्लास प्रेसिडेंट

नमस्कार मंडळी. आज युद्धाच्या काळातल्या एका शाळेबद्दल बोलायचंय. शाळा कसली, तिथल्या मुलांबद्दल, त्यांच्या क्लबांबद्दल, बँडबद्दल, आणि खास करून एका पोराबद्दल. त्याची गोष्ट मला इतकी आवडते की कधी एकदा तिच्यापाशी पोचते असं झालंय, पण आधी थोडं मागचं सांगावंच लागेल, नाहीतर त्याने काय केलं ते कळणार नाही.

तर डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला हे आपण शाळेत शिकलोय. पुढचं फारसं कोणी शिकवत नाही. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांना घरदार, दुकान, शेती सगळं सोडून छावण्यांमध्ये जावं लागलं. साधारण एक लाख वीस हजार माणसं. खटला नाही, आरोप नाही, काही नाही. आणि यातले दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक. पुन्हा सांगते, तिथलेच नागरिक. रेडिओवर एकदा सांगून भागत नाही, म्हणून दोनदा सांगितलं.

अशा दहा छावण्या होत्या, त्यातली एक मॅन्झनार. कॅलिफोर्नियात ओवेन्स व्हॅली म्हणून भाग आहे, एका बाजूला सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर आणि खाली नुसती रेती. उन्हाळ्यात भाजून निघायचं, हिवाळ्यात गारठायचं, आणि वारा सुटला की घरात, अंथरुणात, ताटात धूळच धूळ. दहा हजारांवर माणसं तिथे राहायची. लाकडी बराकी, वर डांबरी कागद, वीस बाय पंचवीस फुटांच्या एका खोलीत आठ-आठ जण. भोवती काटेरी तार, पहाऱ्याचे आठ मनोरे, रात्री सर्चलाइट.

आणि त्या तारेच्या आत हायस्कूल! त्याच वर्षी सुरू झालं, बराकींमध्येच. सुरुवातीला बाकं नाहीत, पुस्तकं पुरेशी नाहीत, पोरं जमिनीवर बसून शिकायची. आता आपल्यातले कितीतरी जण सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून शिकलेत, त्यात काही वाईट नाही, पण ही मुलं काल-परवापर्यंत लॉस एंजेलिसच्या मोठमोठ्या शाळांत जात होती, जिमखाना, लॅब, लायब्ररी सगळं होतं त्यांच्याकडे, आणि एका आठवड्यात ते सगळं गेलं. तरी सकाळी झेंड्यासमोर उभं राहून निष्ठेची प्रतिज्ञा म्हणायची, 'सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय' असे शब्द आहेत त्यात, आणि खिडकीबाहेर बंदूकधारी शिपाई.

मग या मुलांनी काय केलं? क्लब काढले. शाळेचं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'कँपस पेपर' नावाचं. नाटकं बसवली, गाण्याचा ग्रुप केला, मुली बॅटन फिरवायला शिकल्या, म्हणजे ती बँडच्या पुढे चालताना हातात काठी फिरवतात ना, ते. छावणीत एक डान्स बँड होता, जाइव्ह बाँबर्स, त्यांच्या स्विंगच्या तालावर जेवणाच्या बराकीत टेबलं बाजूला सारून पोरं-पोरी नाचायची. १९४४ मध्ये तर छावणीतल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी अख्खं सभागृह बांधलं, ते अजून उभं आहे.

इथे मला एक बोलायचंच आहे. आपल्याकडे पोरगं दहावीत गेलं की पहिलं काय बंद होतं? तबला बंद, खो-खो बंद, गॅदरिंगमध्ये भाग घेऊ नकोस, क्लासला जा. मला हे अजिबात पटत नाही, कधीच पटलं नाही. जिथे उद्याचा भरवसा नव्हता तिथल्या मास्तरांना आणि आईबापांना कळत होतं की मुलाला नाटक पाहिजे, गाणं पाहिजे, दोस्त पाहिजेत, आणि आपल्याला ते कळत नाही? असो, विषयावर येते.

इयरबुकचं, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या फोटो-आठवणींच्या पुस्तकाचं, सांगते आणि मग माझ्या हिरोकडे वळते. या शाळेने १९४४ मध्ये इयरबुक काढलं, नाव 'अवर वर्ल्ड', म्हणजे 'आमचं जग'. फोटो होते तोयो मियाताके यांचे. हे लॉस एंजेलिसचे नावाजलेले फोटोग्राफर. छावणीत कॅमेरा बाळगायला बंदी, म्हणून यांनी नुसती लेन्स लपवून आणली आणि आत सुताराकडून लाकडी पेटी करून घेऊन कॅमेरा तयार केला, बघणाऱ्याला वाटावं जेवणाचा डबा आहे. पुढे अधिकाऱ्यांनीच त्यांना फोटो काढायची परवानगी दिली, आणि त्यामुळे या मुलांचे हसरे चेहरे, संघ, क्लब, वर्ग सगळं आज बघायला मिळतं. शाळेचा ग्रुप फोटो कागदावर छापून ठेवावा या मताची मी आहे, मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात.

आता ऐका. याच इयरबुकच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, राल्फ लाझो. नाव ऐकून कळलं असेल, जपानी नाही. वडिलांकडून मेक्सिकन, आईकडून आयरिश. आई लहानपणीच गेलेली, वडील घरं रंगवायचं काम करायचे, एक बहीण. लॉस एंजेलिसच्या बेलमाँट हायस्कूलमध्ये शिकायचा. त्याचे जिवलग दोस्त जपानी अमेरिकन, त्यांच्याबरोबर बास्केटबॉल खेळायचा, त्यांच्या घरी जेवायचा. आणि १९४२ च्या वसंतात बघतो तर दोस्तांच्या घरातलं सामान मातीमोलाने विकलं जातंय. ज्यांच्याकडे आपण वाढलो त्या माणसांचं हे काय चाललंय, हे त्या सतरा वर्षांच्या पोराला सहन होईना.

एका दोस्ताने सहज विचारलं, आमच्याशिवाय तू करणार काय, चल की आमच्याबरोबर. आणि हा निघाला! खरंच निघाला. वडिलांना सांगितलं की मी मित्रांबरोबर कॅम्पला जातोय. वडिलांना वाटलं, मुलं सुट्टीत जातात तसला कॅम्प असेल. मे महिन्यात दोस्तांबरोबर गाडीत बसला आणि थेट मॅन्झनारला पोचला. तू जपानी आहेस का, असं त्याला कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना नेण्याची एवढी घाई की एक जास्तीचा पोरगा कोणाच्या लक्षातही आला नाही. वडिलांना खरी गोष्ट कळली तेव्हाही त्यांनी परत ये म्हणून हट्ट धरला नाही, आणि मला या गोष्टीत तो बापही फार मोठा वाटतो.

छावणीत जपानी नसलेली आणखी काही माणसं होती, पण ती नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर आलेली. नात्यागोत्याचं कोणी नसताना, निव्वळ दोस्तीखातर आत गेलेला असा हा एकच माहीत आहे. एकच!

आत जाऊन हा काय कोपऱ्यात बसला नाही. टपाल वाटलं, झाडं लावली, मित्रांसाठी पार्ट्या ठरवल्या. मॅन्झनारमध्ये अनाथ मुलांसाठी वेगळा विभाग होता, सरकारने अनाथाश्रमातली पोरंसुद्धा सोडली नव्हती हो, त्या लहानग्यांना हा रमवायचा. अभ्यासात यथातथाच, ते तो स्वतःच मोकळेपणाने सांगायचा. पण वर्गातल्या मुलांनी त्याला क्लास प्रेसिडेंट निवडून दिलं. जी मुलं फक्त वंशामुळे तिथे अडकली होती त्यांनी आपला पुढारी म्हणून वंशाने जपानी नसलेल्या पोराला मत दिलं, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला पुरत नाही.

मधेच एक. याच काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडहून परागंदा झालेल्या लोकांची छावणी होती, १९४३ ते १९४८, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांच्याही शाळा होत्या, स्काउटची पथकं होती. ती आसऱ्याची जागा होती, मॅन्झनारसारखी कैद नव्हे, फरक मोठा आहे. पण कोल्हापूरबाहेर किती जणांना हे माहितीये? आपल्या पाठ्यपुस्तकात यावर एक धडा हवा, माझं ठाम मत आहे.

तर राल्फ. १९४४ मध्ये तो मॅन्झनार हायस्कूलमधून पास झाला आणि ऑगस्टमध्ये सैन्यात भरती झाला. त्या वर्षी छावण्यांमधल्या जपानी अमेरिकन मुलांनाही भरतीची बोलावणी येऊ लागली होती, आईबाप तारेच्या आत आणि मुलगा त्याच सरकारच्या गणवेशात. राल्फ पॅसिफिकच्या आघाडीवर लढला, शौर्यासाठी ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. परत येऊन शिकला, पुढे कॉलेजात मुलांना मार्गदर्शन करणारा समुपदेशक झाला. छावणीतले दोस्त शेवटपर्यंत दोस्तच राहिले, त्यांच्या जुन्या भेटीगाठींना हा हजर. पुढे सरकारने भरपाई द्यावी म्हणून जो खटला झाला त्यासाठी हजार डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्या मोजक्या माणसांत हा होता, शिक्षकी पेशातला माणूस, काही गडगंज नव्हे.

त्याला लोक विचारायचे, का गेलास? त्याचं म्हणणं साधं होतं, ते चूक होतं आणि मला ते मान्य नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, जाहीर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. राल्फने ते बघितलं. १ जानेवारी १९९२ ला तो गेला, आणि त्याच वर्षी मॅन्झनार राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. आता तिथे गेलात तर त्या लोकांनी बांधलेल्या सभागृहातच माहिती केंद्र आहे. तुमची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात असतील तर तिकडे गेल्यावर एक दिवस डिस्नेलँडमधून काढा आणि लॉस एंजेलिसहून उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवरची ही जागा बघून या, नातवंडांना घेऊन जा.

तुमच्या शाळेत कोणता क्लब होता, कोणतं मंडळ होतं, तुमच्या वर्गाचा पुढारी कोण होता, ते आम्हाला कळवा, पुढच्या मंगळवारी निवडक पत्रं वाचू. आणि आता त्याच काळातलं थोडं स्विंग ऐकू या, मॅन्झनारची पोरं ज्यावर नाचायची तसलं. आवाज जरा वाढवा.