लाल पट्टी

(दृश्य : पन्हळीतून कोसळणारं पाणी. खडेबाजारातला अरुंद जिना. वरच्या खोलीत पेटलेला एकच दिवा.)

बेळगावचा जुलै. चार दिवस झाले, पावसानं उसंत दिलेली नाही. या जिन्यानं वर आलं की एक लहानशी खोली लागते. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं कॅमेरे. टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर चहाची बशी आणि बशीत मोजून ठेवलेले स्क्रू. जुने कॅमेरे दुरुस्त करणारे मिस्त्री आधी बसवून घेतात, कामाचं नंतर. "बसा की, घाई काय आहे?"

आज टेबलावर आहे तो ऑलिंपस ट्रिप ३५. मुठीत मावणारा, पण हातात घेतला की वजन जाणवतं, कारण अंग धातूचं आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तो निघाला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. नावातच ट्रिप. सहलीला निघालेल्या साध्या माणसाला आकडेमोड न करता फोटो काढता यावा, एवढ्यासाठी केलेला कॅमेरा.

हा आमच्या घरचा आहे. काका कुवेतला नोकरीला होते. त्या काळी परदेशी कॅमेरा दुकानात जाऊन घेण्याची सोय नव्हती, तो कुणाच्या तरी बॅगेतूनच घरी यायचा. खानापूरच्या आमच्या घरातली बारशी, साखरपुडे, गणपती सगळं याच्यातून गेलंय. मग काका गेले आणि कॅमेरा माळ्यावरच्या ट्रंकेत गेला.

(दृश्य : मागचं दार उघडतं. चिमट्यानं आतली काळी पट्टी सुटते.)

रोल सपाट दाबून धरणारी ही पट्टी. तिच्या पाठीवर बारीक शिक्का आहे: एक अक्षर आणि दोन आकडे, चार आणि सात. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. आता हे चार म्हणजे ७४ की ८४? मिस्त्री कॅमेरा सरळ करतात आणि वरच्या बटणावर बोट ठेवतात. बटण चांदीच्या रंगाचं आहे. नंतरच्या कॅमेऱ्यांना काळं प्लॅस्टिकचं बटण यायला लागलं. म्हणजे हा १९७४ च्या जुलैतला.

लेन्सभोवती हे जे मधाच्या पोळ्यासारखं कडं दिसतंय, ते नीट बघा. या कॅमेऱ्याचा जीव तिथं आहे. त्या खडबडीत पारदर्शक कड्याखाली सेलेनियमची पट्टी आहे. सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून अगदी किंचित वीज निघते. ती तारेनं वर जाते आणि इथली ही केसासारखी सुई हलवते. बॅटरी नाही, सेलची जागासुद्धा नाही. कॅमेरा चालतो तो फक्त समोरच्या उजेडावर.

(दृश्य : वरचं झाकण काढलेला कॅमेरा. मिस्त्री टेबललॅम्प जवळ आणतात, सुई उजवीकडे सरकते. दिवा लांब नेतात, सुई परत येते.)

आम्ही खोलीत चौघं होतो. सुई हलली तेव्हा कुणीच बोललं नाही.

आता पुढचं. बटण अर्धं दाबलं की सुई आहे त्या जागी चिमटीत पकडली जाते. त्याच वेळी खालून जिन्यासारख्या पायऱ्या असलेली एक पट्टी वर चढते आणि सुईला टेकली की थांबते. कितव्या पायरीवर थांबली, त्यावर ठरतं की लेन्समधलं भोक केवढं उघडायचं. भोक दोनच पात्यांचं आहे, म्हणून त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा दिसतो. वेगही दोनच. भरपूर ऊन असेल तर सेकंदाचा दोनशेवा भाग, उजेड कमी असेल तर चाळिसावा. हा निवाडा सगळा त्या पायऱ्यांवर होतो, बटण दाबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही युक्ती ऑलिंपसनं १९६१ च्या पेन ईई या अर्ध्या मापाचे फोटो काढणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात आणली होती. ट्रिपमध्ये ती पूर्ण मापाच्या फोटोसाठी वापरली.

आणि उजेड पुरेसाच नसेल तर? सुई जागची हलत नाही. पट्टी सुईला न टेकता वर निघून जाते आणि बघायच्या खिडकीत लाल पट्टी उभी राहते. बटण अडतं. रोलमधला एक फोटो वाया जाण्यापासून वाचतो. छत्तीस फोटोंचा रोल दिवाळी ते यात्रा पुरवायचा, अशा घरांत या लाल पट्टीची किंमत काय होती हे आमच्या पिढीला सांगावं लागणार नाही.

आमच्या कॅमेऱ्याचं दुखणं दुसरंच होतं. जुनं तेल ओघळून पात्यांवर चिकटलं होतं आणि लेन्सच्या कडेला बुरशीचं जाळं धरलं होतं. बेळगावच्या पावसाळ्यात लेन्स बंद ट्रंकेत राहिली की हे होतंच. मिस्त्रींनी कापसाच्या काडीला लायटरचं पेट्रोल लावून पातं पुसलं. एकदा, दोनदा, सात वेळा. दर वेळी काडी तांबूस निघायची. सातव्या वेळी कोरी निघाली.

समोरची काच काढताना मात्र त्यांनी हात थांबवला आणि कडेला सुईनं बारीक खूण केली. ही काच आट्यांवर फिरते. बसवताना एक आटा इकडचा तिकडं झाला की लांबचं सगळं कायमचं धूसर.

(दृश्य : उघड्या कॅमेऱ्याच्या पाठीवर ट्रेसिंग पेपर. त्यावर उलटं चित्र : कौलारू छपरं, मोबाईल टॉवर, वाहते ढग.)

जिथं रोल असतो तिथं ट्रेसिंग पेपर लावून, शटर उघडं धरून मिस्त्री खिडकीबाहेरचा टॉवर बघतायत. खाली डोकं, वर पाय. टॉवरच्या तारा भिंगातून सुट्या सुट्या दिसेपर्यंत काच फिरवायची आणि मगच स्क्रू आवळायचे. आम्ही हे चाळीस मिनिटं चित्रित केलं, तुम्हाला एक मिनिट दाखवतोय.

दाराच्या खाचेतला जुना फोम काळ्या डिंकासारखा झाला होता. तो खरवडून तिथं काळ्या लोकरीचा धागा बसवला. उजेड आत शिरत नाही आणि दार घट्ट बसतं. एक वॉशर झिजला होता, तो उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका लेथवर करून आणला. ज्या गावात मोठमोठ्या यंत्रांचे सुटे भाग बनतात, त्या गावात नखाएवढा वॉशर बनायला किती वेळ लागणार!

हा कॅमेरा आता संग्राहकांचा झालाय. ऑनलाइन बाजारात त्याचं मूळ काळं आवरण सोलून लाल, निळं चामडं चिकटवतात आणि शोभेला ठेवायला विकतात. आत पाती चिकटलेली असली तरी. आम्हाला ते बघवत नाही. जे यंत्र उजेड बघून आपलं आपण ठरवतं, त्याला काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा त्यात रोल भरावा.

म्हणून भरला.

(दृश्य : बेळगावचा किल्ला. कमल बस्तीचा दगडी मंडप.)

किल्ल्यातली ही कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, १२०४ साली रट्ट राजांच्या राजवटीत बांधलेलं. वर बघा, छतात दगडाचं उमललेलं कमळ. परवानगी घेऊन आम्ही आत कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. लाल पट्टी. चार पावलं दाराकडे सरकलो. पुन्हा लाल पट्टी. उंबऱ्याशी आलो, बाहेरचा उजेड खांबांवर पडला होता. या वेळी बटण खाली गेलं. आवाज ऐका.

बेळगावात एके काळी सकाळी रोल दिला की संध्याकाळी फोटो हातात पडायचे. आमचा रोल कुरियरनं पुण्याला गेला, आठवड्यानं परत आला. मिस्त्रींच्या हाताखाली शिकायला सध्या कुणी नाही.

(दृश्य : खानापूर. सोपा, झोपाळा. काकूंच्या हातात चामड्याचं कव्हर.)

सेलेनियम वर्षानुवर्षं उजेडात उघडं राहिलं की मंदावत जातं. आमचं शाबूत राहिलं याचं कारण मिस्त्रींनी लगेच ओळखलं. विचारलं, "कव्हरात कोण ठेवलं होतं हे?"

आम्ही काकूंना विचारलं.

"मीच ठेवलो होतो की रे. धूळ बसेल म्हणून. का, चालतंय काय अजून?"

"चालतंय, काकू. दारात उभ्या राहा बघू. उजेडाला."

लेन्सच्या कड्यावर चार चित्रं आहेत : एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. आम्ही एका माणसावर आणलं. रोलवर छत्तीसचा आकडा होऊन गेला होता, तरी चाक आणखी एकदा फिरलं.

(दृश्य : सदतिसावा फोटो. पूर्ण पडदा. आवाज नाही.)