आठ महिने संशयित राहिलेले कबूतर

नमस्कार. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीजवळ एक कबूतर पकडले गेले. त्याच्या पायांत दोन कड्या होत्या, एक तांब्याची आणि एक ॲल्युमिनियमची, आणि दोन्ही पंखांच्या आतल्या बाजूला चिनी वाटावीत अशी अक्षरे उमटलेली होती. आरसीएफ पोलीस ठाण्याने हेरगिरीच्या संशयावरून तपास सुरू केला आणि पक्ष्याची रवानगी परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात केली. ते कबूतर तैवानमधले शर्यतीचे कबूतर असल्याचे पुढे निष्पन्न झाले. हेरगिरीचा संशय मागे पडला. पण पक्षी प्रत्यक्ष मोकळा झाला तो जानेवारी २०२४ च्या अखेरीस, म्हणजे तब्बल आठ महिन्यांनी.

या घटनेवर त्या वेळी देशभर खूप हसून झाले. मला मात्र तिच्याकडे गांभीर्याने पाहावेसे वाटते, कारण संशय कसा जन्माला येतो याइतकाच तो संपत का नाही, हा प्रश्न इथे स्पष्ट दिसतो.

[पडद्यावर: माहुल–तुर्भे किनाऱ्याचा नकाशा]

आधी पोलिसांची बाजू समजून घेऊ. पीर पाऊला तेलाची आणि रसायनांची जहाजे लागतात. जवळच तेलशुद्धीकरण कारखाने आणि खतांचा प्रकल्प आहे, आणि त्याच पट्ट्यात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये या शहरावर हल्ला करणारे दहाजण समुद्रमार्गानेच आले होते. कबुतरांचा लष्करी वापर हीदेखील कपोलकल्पित गोष्ट नव्हे: जर्मनीतील युलिउस नॉयब्रोनर या औषधविक्रेत्याने १९०८ मध्ये कबुतराच्या छातीवर बांधायच्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले होते, आणि आपल्याकडे ओडिशा पोलिसांची निरोप्या कबुतरांची सेवा १९९९ च्या महाचक्रीवादळातही उपयोगी पडली होती. अशा ठिकाणी अनोळखी खुणा असलेला पक्षी सापडला, तर त्याची चौकशी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण चौकशी म्हणजे नेमके काय करायचे? कबुतराच्या बाबतीत याचे उत्तर कबुतरे पाळणाऱ्या माणसांकडे असते. होमर जातीचे कबूतर कोठेही नेऊन सोडले तरी ते एकाच दिशेने जाते: जिथे वाढले त्या आपल्या ढाबळीकडे. परदेशातून मुंबईत निरोप आणायचा असेल, तर मुंबईतच वाढलेले कबूतर आधी तिकडे न्यावे लागेल. आणि मुंबईची टेहळणी करून परत जायचे असेल, तर परदेशी कबूतर आधी कोणीतरी इथे आणून सोडावे लागेल आणि त्याच्या अंगावर टिपण्याचे काही साधन असावे लागेल. पीर पाऊच्या पक्ष्यावरचा संशय कड्या आणि अक्षरे एवढ्यांवरच उभा होता, आणि या दोन्ही गोष्टी शर्यतीच्या कबुतरांच्या अंगावर नेहमी आढळणाऱ्या आहेत.

पिल्लू साधारण आठवड्याचे असतानाच त्याच्या पायात बिनजोडाची कडी सरकवली जाते. पाय वाढला की ती निघत नाही, म्हणून ती त्या पक्ष्याची आयुष्यभराची ओळख ठरते. तिच्यावर देश, जन्मवर्ष आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. पंखांवरचे शिक्के मालकाचे किंवा क्लबचे असतात, जेणेकरून शर्यतीत पक्षी बदलला गेला नाही याची खात्री पटावी, आणि चुकलेला पक्षी ज्याला सापडेल त्याला मालक शोधता यावा. ज्या खुणा पक्ष्याची ओळख जाहीरपणे सांगण्यासाठीच केलेल्या होत्या, त्याच आपल्याकडे गुप्त संदेश ठरल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तैवानमध्ये या शर्यतींवर प्रचंड पैसा लागतो आणि त्यांपैकी अनेक शर्यती समुद्रावरून होतात. जहाजातून खुल्या समुद्रात नेऊन सोडलेल्या कोवळ्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य परततच नाहीत. थकलेली कबुतरे मिळेल त्या जहाजावर उतरतात, हे दर्यावर्दी लोकांना ठाऊक असते, आणि तैपेई ते मुंबई हे सुमारे ५,००० किलोमीटरचे अंतर पाहता हा पक्षीही एखाद्या जहाजाच्या आधारानेच इथवर आला असावा, असे मानायला जागा आहे. तो सापडला तोही जहाजांच्या धक्क्यापाशीच.

अशी प्रकरणे पंजाब-जम्मूच्या सीमेवर अनेकदा घडली आहेत. मे २०१५ मध्ये पठाणकोटजवळच्या मनवाल गावात सापडलेल्या कबुतराचे चक्क क्ष-किरण छायाचित्र काढले गेले आणि त्यात काहीही आढळले नाही. मे २०२० मध्ये कठुआत पकडलेल्या कबुतराच्या कडीवर काही आकडे होते. तो आपला मोबाईल क्रमांक आहे, असे सीमेपलीकडच्या गावातील मालकाने सांगितले. तो पक्षी काही दिवसांतच सोडण्यात आला, म्हणजे अशी प्रकरणे लवकर निकाली काढणे अशक्य नाही.

[पडद्यावर: पँगाँग सरोवर, रात्रीचे आकाश]

माहीतगार माणसाला विचारल्याने काय साधते, याचे सर्वांत चांगले उदाहरण लडाखमधले आहे. २०१२-१३ मध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात आकाशात तेजस्वी वस्तू दिसत असल्याच्या शेकडो नोंदी सैन्याने केल्या, आणि ती चिनी टेहळणी विमाने असावीत असा संशय होता. सीमेवर हा संशय अत्यंत स्वाभाविक होता. अखेर भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांची मदत घेण्यात आली, आणि त्या वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. जवानांनी दिसले ते प्रामाणिकपणे टिपले होते, आणि वेळेनुसार केलेल्या त्यांच्या नोंदींमुळेच ग्रहांशी पडताळा घेता आला. त्यांची सावधगिरी वाया गेली, असे मी मुळीच म्हणणार नाही.

मुंबईत उणीव राहिली ती पुढच्या टप्प्यावर. संशय नोंदवण्याचा अधिकार आणि रीत प्रत्येक पोलीस ठाण्याकडे आहे. तो दूर झाल्याचे जाहीर करून पक्षी सोडण्याची जबाबदारी मात्र कोणी आपणहून घेत नाही, कारण सोडण्याचा निर्णय उद्या चुकीचा ठरला तर जाब द्यावा लागेल, आणि अडकवून ठेवल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच रुग्णालय, पोलीस आणि प्राणिमित्र संस्था यांच्यातील पत्रव्यवहारानंतर ना हरकत मिळेपर्यंत एक निरोगी पक्षी पिंजऱ्यात राहिला.

यावर उपाय खर्चिक नाही. किनाऱ्यावरच्या आणि सीमेवरच्या प्रत्येक ठाण्याकडे शर्यतीची कबुतरे ओळखणाऱ्या दोन-तीन जाणकारांचे दूरध्वनी क्रमांक असावेत, कडीवरचा क्रमांक त्या देशाच्या संघटनेकडे पडताळण्याची ठरलेली पद्धत असावी, आणि पकडलेल्या प्राण्याबाबत किती दिवसांत लेखी निर्णय द्यायचा याची मुदत गृह विभागाने घालून द्यावी. चेन्नई, बंगळूर आणि कोलकात्यात होमर कबुतरांच्या शर्यती घेणारे क्लब आहेत, तेव्हा जाणकार शोधायला दूर जाण्याचीही गरज नाही.