गॅस संपत नसतो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कूलिंग टॉवरच्या पाण्याची निगा'. त्याच्याकडे येतोच. पण टेक्निशियन, सुपरवायझर आणि बिलं पास करणारे एका खोलीत बसलेले क्वचितच सापडतात, म्हणून आधी एसीत थंडावा आणणाऱ्या गॅसबद्दल बोलू द्या.

एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, रिपोर्टवर 'गॅस टॉप-अप केला' ही ओळ कुणाकुणाच्या सहीखाली आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता, त्याच रिपोर्टवर 'लीकेज अमुक ठिकाणी सापडलं' हे किती जणांनी वाचलंय? बघा, हात खाली आले!

गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो जळून संपत नाही, झिजत नाही. बंद तांब्याच्या पाइपात तोच तो फिरत राहतो. कमी भरला असेल नाहीतर बाहेर गेला असेल, तिसरं कारण नाही. मग गळती न शोधता वरून भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं, आणि आर-४१०ए जातीचा गॅस असेल तर प्रत्येक किलोमागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरणारा वायू सोडणं.

गळती शोधायला आधी डोळे लागतात. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. फ्लेअर नटच्या कडेला, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या पिनपाशी, कॉइलच्या यू-बेंडवर, नाहीतर पाइप जिथे क्लॅम्पवर घासतो तिथे काळपट तेलकट डाग दिसतो. बोट फिरवलं की चिकट लागतं. साबणाचं पाणी आधी तिथे लावा.

पण गॅस खरंच कमी आहे का? गेजवर सक्शन प्रेशर (कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसलं की लगेच सिलिंडर उघडतात. माझी खरी तक्रार इथे आहे. फिल्टर चोंदला, ब्लोअरचा बेल्ट सैल झाला, कॉइलवर धुळीची चादर बसली, तरीही सक्शन पडतं. फरक सुपरहीट सांगतं, म्हणजे उकळून झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला ते. आर-४१०एच्या मशीनवर सक्शन ११८ पीएसआय असेल तर आत गॅस साधारण साडेचार अंशांवर उकळतोय. सक्शन पाइपला थर्मामीटर बांधा. पाइप ११ अंश दाखवत असेल तर सुपरहीट साडेसहा, ठीक आहे. सक्शन पडलेलं आणि सुपरहीट १५-२० असेल तर गॅस कमी, किंवा ड्रायर-स्ट्रेनर (पाइपातली गाळणी) तुंबलेला. लिक्विड लाइनचं सबकूलिंग, म्हणजे द्रव झाल्यावर गॅस आणखी किती अंश थंड झाला ते, बघून ठरवा. सक्शन पडलेलं आणि सुपरहीट जेमतेम १-२, तर दोष हवेच्या प्रवाहात आहे. तिथे गॅस ओतलात तर द्रवच कंप्रेसरमध्ये जातो, तेल पातळ करतो आणि व्हॉल्व्ह तोडतो. फिल्टर धुण्याचं काम होतं, ते कंप्रेसर बदलण्यापर्यंत जातं.

गळती सापडल्यावर उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढा. ब्रेझिंग (पाइपाचा सांधा तापवून जोडणं) करताना आतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवा, नाहीतर पाइपात काळी ऑक्साइडची पापडी धरते. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरा, नेमप्लेटवरच्या टेस्ट प्रेशरपर्यंतच, आणि रात्रभर ठेवा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नाही! दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं जातात. नंतर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (हे अगदी कमी दाब मोजायचं एकक), तोही मायक्रॉन गेजवर. साध्या गेजच्या काट्याला एवढं कळत नाही. पंप बंद करून दहा मिनिटं बघा. आकडा वर जाऊन थांबला तर ओलावा, चढतच राहिला तर गळती. शेवटी वजनकाट्यावर, नेमप्लेटच्या ग्रॅमप्रमाणे गॅस भरा. आर-४१०ए मिश्रण आहे, सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचा.

जाता जाता, छतातून पाणी ठिबकतं त्याचाही गॅसशी संबंध लावतात. बहुतेक वेळा एएचयूच्या (थंड हवा खेळवणाऱ्या पेटीच्या) ड्रेनला ट्रॅप, म्हणजे पाणी भरून राहणारा वाकडा पाइप, नसतो किंवा तो कोरडा पडलेला असतो. ब्लोअर हवा ओढतो, ट्रेमधलं पाणी बाहेर पडत नाही आणि काठावरून सांडतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर कूलिंग टॉवर, म्हणजे एसीच्या यंत्राचं गरम पाणी हवेने थंड करणारा मनोरा.

१०० टन क्षमतेचा वॉटर-कूल्ड चिलर (इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) पूर्ण लोडवर तासाला साधारण ६५० लिटर पाणी वाफ करतो. वाफ जाते, क्षार मागे राहतात. चार सायकल्स, म्हणजे टॉवरमध्ये ताज्या पाण्याच्या चौपट क्षार, ठेवायच्या असतील तर बाष्पीभवनाला तीनने भागा, म्हणजे तासाला २१५ लिटरच्या आसपास पाणी ब्लीड करावं, म्हणजे बाहेर सोडावं लागेल. पाणी वाचवायला ब्लीडचा व्हॉल्व्ह बंद ठेवतात, मग ते क्षार कंडेन्सरच्या (गॅस थंड होऊन द्रव होतो त्या भागाच्या) ट्यूबमध्ये जमतात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर फार लवकर. किती सायकल्स झाल्या ते कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता) मीटरवर बघा: टॉवरचा आकडा भागिले मेकअपचा (नव्याने भरलेल्या पाण्याचा) आकडा.

लॉगबुकात एक रकाना वाढवा, कंडेन्सर अप्रोचचा. कंडेन्सिंग तापमानातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करा. ट्यूब स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवा. त्याच लोडवर तो दोन-तीन अंशांनी वाढला की ट्यूबना ब्रश मारायची वेळ झाली. संपमधला (टॉवरच्या तळटाकीतला) गाळ काढा, बायोसाइडचा (जंतुनाशकाचा) डोस चुकवू नका, उडणारे तुषार अडवणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरची तुटलेली पट्टी लगेच बदला. लिजिओनेला हा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात त्याने माणसं मारली, त्यानंतर त्याची ओळख पटली. टॉवर साफ करणाऱ्या माणसाला साधा कापडी नव्हे, एन-९५ मास्क द्या आणि त्या वेळी फॅन बंद ठेवा. ट्यूबना नायलॉनचाच ब्रश, आणि एंड कव्हर उघडण्याआधी नवं गॅस्केट हातात असू द्या.