पत्र्याला हात लावून बघा

(चिंचवडमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

मघाशी हे पॅनल काखेत मारून जिना चढत होतो, तर दारातच दोघांनी विचारलं, "चेतकचं का?" अजून रंग चढलेला नाही, नुसता करडा प्रायमर आहे, तरी वळणावरून ओळखलं. चिंचवडमध्ये बोलायला याचसाठी आवडतं. आकुर्डीला बजाजमध्ये नोकरी केलेले कितीजण आहेत इथे? हात वर करा बघू. सात, आठ, मागे आणखी दोन. म्हणजे हे पॅनल तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाताखालून गेलेलं असू शकतं. १९७२ साली चेतक आली. पुढे लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. बाबांनीही पाहिली. त्या स्कूटरचं इंजिनाच्या बाजूचं हे उजवं पॅनल.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गाडीचं पॅनल घरच्या घरी कसं रंगवावं'. ते सांगणारच आहे. पण त्याआधी, गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय ते तुम्हालाही सांगू द्या. गाडी रंगवायची म्हटलं की आपण आधी रंगाचा डबा आणतो. आधी हात फिरवायला हवा. पत्रा कुठे आत गेलाय, कुठे वर आलाय, हे बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. मी मशीन शॉपचा माणूस, मायक्रोमीटरवर आयुष्य गेलं. टेबलावर एक साधा कागद ठेवा, डोळे मिटा आणि बोट फिरवा. कागदाची जाडी मिलिमीटरचा साधारण दहावा भाग, पण त्याची कड बोटाला लागतेच. हे उपकरण आपल्याकडे जन्मापासून आहे.

हे मला सुचायला एक कारण घडलं. बाबा गेल्यावर स्कूटर तीन वर्षं जिन्याखाली उभी होती. मग एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला दिली. या पॅनलच्या खालच्या कडेला, रबराची बीडिंग असते तिथे चिखल अडकून गंज धरला होता आणि मध्ये एक मोठा पोचा होता. गाडी चौथ्या दिवशी परत आली. काय चकाकी! रस्त्यावरची गुलमोहराची फांदी त्यात दिसत होती. आईनं हळदकुंकू वाहिलं.

पहिला पाऊस संपला आणि कडेला साबुदाण्याएवढा फुगा आला. गणपतीत त्याचे तीन झाले. दसऱ्याला गाडी पुसताना मी त्यावर नख दाबलं, तर तळहाताएवढी खपली पापडासारखी सुटून हातात आली. ती अजून माझ्याकडे आहे, ही बघा, पुढच्या रांगेत द्या. व्हर्नियर लावला, साडेचार मिलिमीटर भरली. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर घालू नये, आणि इथे पोचा न ठोकता त्यात पुट्टीच भरली होती. पण खरा प्रकार उलट बाजूला आहे. खपली उलटी करा. तांबडी भुकटी दिसते ना? तो गंज. त्याच्यावर जुन्या रंगाचा पापुद्रा, आणि त्याच्यावर पुट्टी. पॉलिश पेपरचा एक हातसुद्धा पत्र्यापर्यंत पोचला नव्हता.

आता यात काय होतं बघा. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट जागा घेतं. पुट्टीत टाल्क असतं, ते ओल शोषून घेतं. एखाद्या बारीक तड्यातून पाणी शिरलं की पुट्टी ते धरून ठेवते, खाली गंज वाढत राहतो आणि वरच्या थराला ढकलतो. फुगा दिसेपर्यंत खाली सगळं संपलेलं असतं.

पैशांचं दुःख मी त्याच दिवशी सोडलं. मला लागलं ते वेगळंच. गॅरेजमधल्या त्या माणसाचा स्प्रे गनवरचा हात अप्रतिम होता. एक ओघळ नाही, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा नाही. एवढा हात असलेल्या कारागिरानं गंजावर रंग मारला. का मारला, यावर मी खूप विचार केलाय. आपण गाडी देताना काय विचारतो? "परवा मिळेल का?" घासायला लागणाऱ्या दोन दिवसांचे पैसे कुणी देत नाही, कारण घासलेलं दिसत नाही. दिसतो तो शेवटचा हात. मीही त्याला घासण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

गाडीच्या रंगाला आपण सहज 'ड्यूको' म्हणतो ना, त्याचाही इथे संबंध आहे. ड्यूको हे ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग १९२३ साली अमेरिकेत ओकलंड गाड्यांवर पहिल्यांदा लागला. त्याआधी गाडीचं रंगकाम आठवडेच्या आठवडे चालायचं. हात द्या, सुकू द्या, घासा, पुन्हा हात द्या. ड्यूको तासाभरात सुकायला लागला. सुकण्याचा वेळ गेला तो गेलाच, पण घासण्याचा वेळ तेवढाच राहिला. पत्र्याला काही घाई झालेली नव्हती. माझ्या मते, वाट बघण्याबरोबर घासणंही टाळता येतं हा समज तिथूनच सुरू झाला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. ठीक आहे, आता पत्रिकेवरचा विषय भराभर सांगतो.

पॅनल गाडीवरून काढा, बीडिंगसकट. आधी साबणानं धुवा आणि तेल, मेण पुसून घ्या. घासणं त्यानंतर. आधी घासलंत तर पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यात मुरतं आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. मग ८० नंबरचा पेपर, पत्रा चांदीसारखा पांढरा होईपर्यंत. गंजाचे खड्डे राहिले तर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावा आणि डब्यावर सांगितलंय तसं पुसून, वाळवून घ्या. पोचा आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरून हातोडीनं हलके हलके वर आणा. पुट्टीसाठी जेवढं कमी उरेल तेवढं चांगलं.

पुट्टी उघड्या, घासलेल्या पत्र्यावरच. तिला घट्ट करणारा हार्डनर वजनानं साधारण दोन टक्के. जास्त घातलात तर हातातच दगड होतो आणि पुढे रंगावर डाग उठू शकतो. पुट्टी कोरडीच घासा, ८०, मग १८०, मग ३२०, आणि पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांचे चर पडतात. इथे हात फिरवायचा. तळवा सपाट, खाली पातळ पंचा, म्हणजे हात सरकतो. खळग्यावरच बोट ठेवू नका. चांगल्या पत्र्यावरून सुरुवात करून खळगा ओलांडून पलीकडच्या चांगल्या पत्र्यापर्यंत जा.

मग प्रायमर. त्यावर काळ्या स्प्रेची लांबून धूळ उडवा आणि ठोकळ्यानं घासा. खळग्यात काळं शिल्लक राहतं. पुढे ६०० नंबरचा वॉटर पेपर.

रंगाचा कॅन दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पातळ तीन हात, मध्ये दहा मिनिटं. पावसाळ्यात करू नका. थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि रंग पांढरट पडतो. जुलैत मी हे करून बसलोय, सगळं परत घासावं लागलं. साधा रंग जुळतो. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात, ते कसे पडतात त्यावर छटा बदलते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर फवारून उन्हात गाडीशेजारी धरून बघा. आरसी बुकातला रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद हवी. ऑलिव्ह ग्रीन तर देऊच नका, तो लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

आणि हे कळकळीनं सांगतो. हार्डनर मिसळून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडू शकतो आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. ते काम फवारणीची बंद खोली, म्हणजे बूथ असलेल्या कारागिराला द्या, घासून तयार केलेलं पॅनल त्याच्या हातात ठेवा आणि मजुरीत घासाघीस करू नका. त्याचा हात चांगलाच असतो.

वेळ संपली. पॅनल टेबलावर ठेवतोय, हा पंचाही. या प्रायमरखाली एक खळगा मी तसाच ठेवलाय, डोळ्यांना दिसत नाही. रांगेनं या, डोळे मिटून शोधा. आकुर्डीवाल्यांनी आधी यावं.