टेक्ससचा गीतकार आणि नॅशव्हिलमधले त्याचे घर

श्रोतेहो, नमस्कार.

आकाशवाणीवर भावगीत लागते तेव्हा गायकाच्या नावाबरोबर कवीचे आणि संगीतकाराचे नावही निवेदक आवर्जून सांगतात, त्यामुळे शब्द कोणाचे आहेत हे मराठी श्रोत्याला सहसा ठाऊक असते. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या गाण्यांच्या प्रकारात, मात्र गाणे बहुधा गायकाच्या नावाने ओळखले जाते. टेनेसी राज्यातले नॅशव्हिल हे शहर या संगीताचे माहेरघर. तिथे केवळ गाणी लिहून पोट भरणारे शेकडो लोक आहेत, आणि त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावरच्या बारीक अक्षरांपलीकडे फारशी जात नाहीत. अशाच एका गीतकाराविषयी, गाय क्लार्क यांच्याविषयी, आज बोलायचे आहे. त्यांचे स्वतःच्या आवाजातले एकही गाणे कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या तक्त्यात पहिल्या दहांत गेले नाही. तरीही गेल्या पन्नास वर्षांतल्या उत्तम कंट्री गीतकारांची माळ ओवायची झाली, तर तिचा दोरा त्यांच्या घरातून जातो, असे माझे ठाम मत आहे.

क्लार्क यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1941 रोजी पश्चिम टेक्ससमधल्या मोनाहन्स या रखरखीत, तेलविहिरींच्या गावी झाला. तिथे त्यांची आजी एक छोटे हॉटेल चालवत असे आणि तेलविहिरी खणणारे कामगार तिथे मुक्कामाला असत. त्यांच्यापैकी जॅक प्रिग नावाच्या एका वयस्क कामगाराचा या नातवावर फार जीव होता. हा माणूस मुलाला बरोबर घेऊन हिंडे, आणि तरुणपणी जग पालथे घातलेला तो धिप्पाड गडी पुढे मुलाच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला. त्यावरून क्लार्क यांनी लिहिलेले ‘डेस्पराडोज वेटिंग फॉर अ ट्रेन’ हे गाणे कंट्री संगीतातल्या अस्सल व्यक्तिचित्रांपैकी एक आहे. गायक जेरी जेफ वॉकर यांनी ते 1973 साली लोकांपुढे आणले. पुढे 1985 मध्ये विली नेल्सन, जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टॉफरसन या चौघांनी ‘द हायवेमेन’ म्हणून एकत्र येऊन ते गायले. एका आडगावच्या तेलकामगाराची आठवण त्या काळातल्या चार मोठ्या आवाजांपर्यंत पोहोचली, आणि तीही त्यातला एकही बारकावा गुळगुळीत न होता.

वडील वकील होते. कुटुंब समुद्रकाठच्या रॉकपोर्टला राहायला गेल्यावर वडिलांच्या कार्यालयातल्या एका वकीलबाईंनी या मुलाच्या हाती गिटार दिली आणि पहिली गाणी शिकवली, तीही स्पॅनिश भाषेतली मेक्सिकन गाणी. साठच्या दशकात ह्यूस्टनच्या लोकसंगीताच्या वर्तुळात क्लार्क वावरू लागले, गिटार दुरुस्तीचे काम करू लागले, आणि तिथेच त्यांना टाउन्स व्हॅन झांट भेटले. ही मैत्री त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संगीतविषयक घटना होती, असे म्हणायला हरकत नाही. व्हॅन झांट विलक्षण प्रतिभेचे, पण दारूने आणि मनाच्या आजाराने पोखरलेले कवी होते. क्लार्क यांची लेखणी त्यांच्याहून अगदी निराळी होती. व्हॅन झांट यांची गाणी धुक्यातून आल्यासारखी वाटतात, तर क्लार्क यांच्या गाण्यात चाकू, बूट, होडी, टोमॅटो अशा हाताला लागणाऱ्या वस्तू असतात. तरीही गाणे किती चांगले असू शकते याचे माप त्यांना या मित्राकडून मिळाले, आणि ते माप त्यांनी कधी खाली येऊ दिले नाही.

चित्रकार असलेल्या सुझॅना टॅली यांच्याबरोबर ते 1970 च्या सुमारास लॉस एंजेलिसला गेले. दिवसा डोब्रो गिटारच्या कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात गाणी घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवणे, असा तो काळ होता. शहर त्यांना मुळीच मानवले नाही. एका रात्री सॅन डिएगोहून कार्यक्रम आटोपून परतताना मोटारीच्या मागच्या आसनावर डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा या शहराच्या महामार्गावरून एकदाचे जिवंत सुटता आले तर बरे, अशा अर्थाची ओळ त्यांच्या तोंडून निघाली. ती विसरू नये म्हणून त्यांनी सुझॅना यांची भुवया रेखायची पेन्सिल घेतली आणि बर्गरच्या कागदी पिशवीवर ओळ उतरवून ठेवली. त्यातून ‘एल. ए. फ्रीवे’ हे गाणे झाले. 1972 मध्ये जेरी जेफ वॉकर यांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि क्लार्क हे नाव जाणकारांच्या कानावर गेले.

तोपर्यंत एका संगीत प्रकाशकाशी करार होऊन हे जोडपे नॅशव्हिलला आलेही होते. जानेवारी 1972 मध्ये दोघांनी लग्न केले, तेव्हा व्हॅन झांट सोबत होते आणि लग्नानंतर काही महिने ते नवदांपत्याच्या घरीच राहिले. या तिघांचे नाते नेहमीच्या कोणत्याही चौकटीत बसणारे नव्हते. पुढे कित्येक वर्षे व्हॅन झांट रोज सकाळी सुझॅना यांना दूरध्वनी करत आणि क्लार्क यांना त्यात वावगे काही वाटत नसे. सुझॅना यांच्याकडे केवळ गीतकाराची पत्नी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. विली नेल्सन यांच्या ‘स्टारडस्ट’ या गाजलेल्या अल्बमचे मुखपृष्ठ त्यांनी रंगवले आहे. एमिलू हॅरिस यांनी गायलेले ‘ईझी फ्रॉम नाऊ ऑन’ हे गाणे त्यांनी कार्लीन कार्टर यांच्यासह लिहिले. त्यांनीच रिचर्ड ली यांच्याबरोबर लिहिलेले एक गाणे 1989 मध्ये कॅथी मटीया यांच्या आवाजात तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेले.

या दोघांच्या घरी सत्तरच्या दशकात जी बैठक जमे, तिला मी शाळाच म्हणेन. टेक्ससहून नशीब काढायला आलेली पोरे तिथे रात्रभर बसत. गिटार एका हातातून दुसऱ्या हातात जाई आणि प्रत्येकाला आपले नवे गाणे म्हणून दाखवावे लागे. पुढे गायक-गीतकार म्हणून नाव काढलेले रॉडनी क्रोवेल तिथे घडले, स्टीव्ह अर्ल तिथे घडले. क्लार्क यांच्या वाद्यवृंदात आधी क्रोवेल बेस गिटार वाजवत, त्यांच्यानंतर ते काम अर्ल यांच्याकडे आले. ‘हार्टवॉर्न हायवेज’ या माहितीपटात 1975 च्या नाताळच्या आदल्या रात्रीची अशी एक बैठक पाहायला मिळते. टेबलावर बाटल्या आणि मेणबत्त्या आहेत, आणि जेमतेम वीस वर्षांचे अर्ल वडीलधाऱ्यांसमोर आपले गाणे म्हणत आहेत. अशा बैठकीत वाईट ओळ लपत नाही, कारण ऐकणारा प्रत्येक जण स्वतः लिहिणारा असतो. तारा म्हणजे ‘स्टार’ व्हायचे की कलावंत व्हायचे, दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण त्यातली एक निवडावी लागते, असा सल्ला क्लार्क यांनी आपल्याला दिला होता, ही आठवण क्रोवेल सांगत आले आहेत.

क्लार्क यांचा पहिला अल्बम ‘ओल्ड नंबर वन’ 1975 मध्ये आला. मुखपृष्ठावर ते सुझॅना यांनी रंगवलेल्या एका डेनिम शर्टाच्या चित्राशेजारी उभे आहेत. अल्बम फारसा खपला नाही. त्यांच्या लेखणीचे चीज बरेचदा इतरांच्या गळ्यातून झाले. जॉनी कॅश यांनी त्यांची गाणी गायली, रिकी स्कॅग्ज यांनी 1982 मध्ये ‘हार्टब्रोक’ पहिल्या क्रमांकावर नेले, आणि क्रोवेल यांच्यासह लिहिलेले ‘शीज क्रेझी फॉर लीव्हिन’ पुढे स्वतः क्रोवेल यांच्या आवाजात त्याच जागी पोहोचले. गायक-गीतकार लाइल लव्हेट यांची तर गंमतच आहे. हा तरुण कोण, कुठला हे माहीत नसताना, भेटही झालेली नसताना, क्लार्क त्यांच्या गाण्यांची ध्वनिफीत नॅशव्हिलमधल्या लोकांना आग्रहाने ऐकवत असत. पुढे 1998 मध्ये लव्हेट यांनी टेक्ससच्या गीतकारांवर अल्बम केला तेव्हा त्याला नाव दिले ते क्लार्क यांच्या अगदी सुरुवातीच्या, त्यांनी स्वतः कधीच ध्वनिमुद्रित न केलेल्या एका गाण्याचे.

त्यांच्या कामाची रीत समजून घ्यायची असेल तर घराच्या तळघरातल्या कार्यशाळेत डोकवावे लागते. एका बाजूला गिटार बनवण्याचे लाकूडकामाचे टेबल होते आणि दुसऱ्या बाजूला लिहिण्याची जागा. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने ते लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. लाकडाचा सांधा नीट बसल्याशिवाय पुढचे काम होत नाही, आणि ओळींचेही त्यांनी तसेच केले. ‘द रँडल नाइफ’ ऐकून पाहा. वडिलांचा युद्धकाळातला चाकू मुलाने बालवीरांच्या शिबिरात झाडावर फेकून त्याचे टोक मोडले, वडिलांनी एक शब्दही न बोलता तो खणात ठेवून दिला, आणि वडील गेल्यावर मुलाला रडू येईना तेव्हा त्याने तोच चाकू मागून घेतला. क्लार्क हे जवळजवळ गातच नाहीत, नुसते सांगतात. दुःख हा शब्द शक्य तितका दूर ठेवून सगळा भार चाकूवर टाकण्याचे हे धाडस मला कित्येक नावाजलेल्या कवींतही आढळलेले नाही.

1 जानेवारी 1997 रोजी व्हॅन झांट गेले आणि त्या धक्क्यातून सुझॅना सावरल्याच नाहीत. पुढची बरीच वर्षे त्या अंथरुणालाच होत्या, आणि 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीच क्लार्क यांनी गॉर्डी सॅम्पसन यांच्यासह एक गाणे लिहून ठेवले होते, ‘माय फेव्हरिट पिक्चर ऑफ यू’. त्यातला फोटो पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला आहे. आत क्लार्क आणि व्हॅन झांट पिऊन तर्र झालेले आहेत आणि सुझॅना घराबाहेर हाताची घडी घालून संतापाने उभ्या आहेत. चाळीस वर्षांच्या सहवासातून नवऱ्याने आवडता म्हणून निवडला तो हा, बायको त्याला सोडून निघायच्या बेतात असतानाचा क्षण. याच नावाच्या अल्बमला 2014 मध्ये सर्वोत्तम लोकसंगीत अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तोवर क्लार्क स्वतः आजारांनी जेरीस आले होते, आणि 17 मे 2016 रोजी नॅशव्हिलमध्ये ते वारले.

स्टीव्ह अर्ल यांनी 2009 मध्ये व्हॅन झांट यांच्या गाण्यांचा ‘टाउन्स’ हा अल्बम केला होता. दुसऱ्या गुरूचे ऋण बाकी होते. 2019 मध्ये त्यांनी क्लार्क यांची सोळा गाणी घेऊन ‘गाय’ हा अल्बम काढला. त्यातले शेवटचे गाणे ‘ओल्ड फ्रेंड्स’ ध्वनिमुद्रित करायला एमिलू हॅरिस आल्या, रॉडनी क्रोवेल आले, क्लार्क यांना कित्येक वर्षे गिटारची साथ करणारे व्हर्लन थॉम्पसन आले, आणि 1972 मध्ये ‘एल. ए. फ्रीवे’ पहिल्यांदा लोकांपर्यंत नेणारे जेरी जेफ वॉकरही आले. नमस्कार.