तळहातावरचा एक बिंदू

मंडळी, जीव लावलेल्या कादंबरीचा दुसरा भाग आला की मला आधी धास्ती वाटते. पहिल्या पुस्तकानं जी हुरहूर ठेवली, ती हे पुस्तक पुसून तर टाकणार नाही ना?

डानिएल ग्लाटाउअर या व्हिएन्नाच्या लेखकाची कादंबरी २००६ साली जर्मनमध्ये आली. मी ती इंग्रजीतून वाचली, 'लव्ह व्हर्च्युअली' या नावानं. सगळी कादंबरी ईमेलांची. एमीला एका मासिकाची वर्गणी बंद करायची असते. पत्ता टाइप करताना चूक होते आणि मेल जाते लिओ नावाच्या अनोळखी माणसाकडे. तिथून जे सुरू होतं, त्याला प्रेमाशिवाय दुसरं नाव नाही. एमीचं लग्न झालेलं आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही.

शेवटाकडे ती एकदाची त्याला भेटायला निघते. नवरा तिला कायम 'एमा' म्हणतो. 'एमी' ती लिओच्या पत्रांत. आणि त्या रात्री दारातून बाहेर पडताना नवरा तिला 'एमी' म्हणतो. एका अक्षराचा फरक! तिला कळून चुकतं, यानं सगळं वाचलंय. ती जात नाही. त्यानंतर ती लिओला लिहिते, तर उत्तर येतं यंत्राचं: हा पत्ता बदललेला आहे. संपलं पुस्तक. मी ते पान उलटून पुढे काही आहे का, ते खरंच पाहिलं होतं.

२००९ साली जर्मनमध्ये दुसरा भाग आला, इंग्रजीत 'एव्हरी सेव्हन्थ वेव्ह'. तोही छोटेखानी, तोही निव्वळ ईमेलांचा. इथे दोघं प्रत्यक्ष भेटतात, पण ती भेट लेखक आपल्याला दाखवत नाही. आपल्या हाती येतात ती नंतरची पत्रं. त्यांतून कळतं, की लिओच्या बोटाचा एमीच्या तळहाताला ओझरता स्पर्श झाला होता. बस्, एवढंच. मग तो बिंदू पत्रांत पुन्हा पुन्हा येत राहतो. आधीच्या पुस्तकात शब्दांशिवाय काहीच नव्हतं. आता त्या शब्दांना एक जागा मिळाली, तळहाताएवढी. ते वाचताना माझा अंगठा नकळत माझ्याच तळहातावर गेला होता. माझी धास्ती तिथे गेली. लेखकानं भेट घडवली, पण ओढ शाबूत ठेवली.

नावातली सातवी लाट एमीच्या एका पत्रातली. सहा लाटांचा अंदाज येतो, सातवीचा येत नाही, असं ती समुद्राकाठून लिहिते.

शेवट मी सांगणार नाही. फक्त पहिलं पुस्तक मिटल्यावर लगेच दुसरं उघडू नका. थोडे दिवस जाऊ द्या. एमीलाही थांबावं लागलं होतं.