शंका बोलून दाखवण्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुके उतरले होते. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमाने इकडे वळवण्यात आली होती आणि काही तास खोळंबली होती. अखेर केएलएम या डच कंपनीचे जम्बो जेट धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणासाठी येऊन उभे राहिले, तेव्हा त्याच धावपट्टीवरून पॅन ॲम कंपनीचे जम्बो जेट समोरून सावकाश येत होते, आणि धुक्यामुळे दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. डच विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीतील इतर वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता आणि कंपनीच्या जाहिरातीतही त्याचे छायाचित्र झळकत असे.

कॅप्टनने इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने लगेच सांगितले. ते मला ठाऊक आहे, तू विचारून घे, असे उत्तर त्याला मिळाले. नियंत्रण कक्षाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी मात्र अजून दिलेली नव्हती. तरीही कॅप्टनने विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर दौडवायला सुरुवात केली आणि या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. रेडिओवर पॅन ॲमच्या विमानाचा आवाज ऐकून मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने, ते विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का, असे विचारले. झाले आहे, असे कॅप्टनचे ठाम उत्तर आले. पुढच्या काही सेकंदांत झालेल्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

या अपघातामागे धुके होते, रेडिओवर एकाच वेळी बोलले गेल्याने बुडालेले संदेश होते, संदिग्ध शब्दही होते. मला मात्र नेहमी थबकायला लावतो तो इंजिनिअरचा प्रश्न. धोक्याची जाणीव त्या कॉकपिटमध्ये होती. पण ती ‘थांबा’ या शब्दाऐवजी नम्र प्रश्नाचा वेश घेऊन आली आणि प्रश्नाला उत्तर मिळताच संपली. वरिष्ठांशी बोलताना आपण सगळेच असे करतो. ‘हे चुकीचे आहे’ असे म्हणायचे असते आणि तोंडून निघते, ‘एकदा पाहून घ्यायचे का?’

बरे, यात दोष केवळ अधिकाराच्या दडपणाचा आहे, असेही नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत कोणी साहेब नव्हता. तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी रेष कोणती, इतकेच सांगायचे होते. एकट्याने उत्तर देणारे लोक क्वचितच चुकत. पण आधीपासून पढवून ठेवलेली मंडळी एकामागून एक तेच चुकीचे उत्तर देऊ लागली, की फसव्या फेऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के वेळा खऱ्या सहभागी व्यक्तीही त्यांच्या सुरात सूर मिसळत. या प्रयोगाचा एवढाच भाग सांगून आपण बहुधा मान हलवतो. त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. गटातील एकाने जरी वेगळे उत्तर दिले, तरी ही शरणागती झपाट्याने कमी होई. त्या एकाचे उत्तर बाकीच्यांपेक्षा अधिक चुकीचे असले, तरीही! एकमत फुटले होते, एवढे पुरेसे होते.

तेनेरीफनंतर विमान वाहतुकीने हाच धागा पकडला. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे कॉकपिटमधील कनिष्ठांना शंका ठामपणे मांडण्याचे, तर कॅप्टनना ती ऐकण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळू लागले. ऐकण्याचेही प्रशिक्षण लागते, हे मान्य करायला वरिष्ठांना जड जाते, असा माझा अनुभव आहे.

रुग्णालयांतून आलेला एक निष्कर्ष तर प्रथमदर्शनी उलटाच वाटतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नोंदवलेल्या चुका त्यांच्याच अधिक निघाल्या. तिथे चुका जास्त होत नसून, त्या उघडपणे सांगितल्या जात असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. तेव्हा ज्या प्रमुखाच्या टेबलावर वाईट बातमी कधीच येत नाही, त्याने निश्चिंत होण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी तयार केली. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मात्र शंभरावर रुग्णालयांनी यादी लागू करूनही लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१४ च्या अहवालाने दाखवले. यादी समोर असणे आणि ती मनापासून वापरणे यांत अंतर पडते, असे मला वाटते. कारण त्या यादीत, पहिला छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, अशी एक बाब आहे. खूण करायला तिला क्षणही लागत नाही. पण ती खरोखर पाळली, तर खोलीतल्या सर्वांत नवख्या परिचारिकेचाही आवाज तिथे एकदा उमटलेला असतो, आणि मध्येच काही खटकले तर तिला दुसऱ्यांदाच बोलायचे असते.